उपाशी दलदलीतलं विषारी झुडूप

आयर्लंड, वेल्स किंवा स्वीडनमधल्या दलदलींतून पर्यटकांसाठी लाकडी फळ्यांच्या पायवाटा टाकलेल्या असतात. मे महिन्यात अशा वाटेच्या कडेला, शेवाळाच्या मऊ गादीतून वर आलेलं एक बुटकं झुडूप दिसतं. अरुंद, लांबट, गडद हिरवी पानं आणि शेंड्याला फिकट गुलाबी फुलांचा झुपका. पिझ्झावर किंवा भाजलेल्या बटाट्यांवर भुरभुरतात त्या रोजमेरीशी पानांचं साम्य इतकं, की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे खाता येतं का?

नाही. तोंडातसुद्धा घालू नये. याला बॉग रोजमेरी म्हणतात, पण रोजमेरीशी त्याचं नातं फक्त दिसण्यापुरतं. रोजमेरी तुळशीच्या कुळातली. हे झुडूप ऱ्होडोडेंड्रॉनच्या, म्हणजे हिमालयातल्या बुरांशच्या कुळातलं. शास्त्रीय नाव अँड्रोमेडा पोलिफोलिया. उत्तर युरोप, सैबेरिया, जपान, कॅनडा असं उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यात ते सगळीकडे आढळतं, आणि त्याच्या सगळ्या भागांत विष असतं.

मग दुसरा प्रश्न येतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. जिथं धड माती नाही, खत नाही, अशा ठिकाणी वाढणाऱ्या वीतभर झुडपानं विष बनवण्याचा खटाटोप करावाच कशाला? त्याचं उत्तर आधी दलदलीत आहे आणि मग झुडपात. म्हणून तिकडूनच जाऊ. पण त्याआधी ओळख पटवून घेऊ.

1. पान उलटून पाहा

बॉग रोजमेरी साधारण 10 ते 40 सेंटिमीटर उंच वाढते. खोड बारीक, बरंचसं शेवाळात गाडलेलं आणि आडवं पसरत जाणारं. वर दिसतात त्या त्याच्या उभ्या डहाळ्या. पान जास्तीत जास्त दोन इंचांचं आणि चिवट. कडा खालच्या बाजूला वळलेल्या, जणू पान मिटायला निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. वरची बाजू गडद हिरवी, मधल्या शिरेवर खोलगट रेघ. पान उलटं केलं की खालची बाजू पांढुरकी, मेणचट. खरी रोजमेरी बोटांत चुरडली की घमघमते. हे पान चुरडलं तर तसा वास येत नाही.

गफलत व्हायची ती रोजमेरीशी क्वचितच, कारण रोजमेरी दलदलीत उगवत नाही. खरा घोळ होतो शेजाऱ्यांशी. उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत लॅब्राडोर टी नावाचं एक झुडूप वाढतं आणि तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पानांचा काढा घेत आले आहेत. त्याच दलदलीत बॉग लॉरेल नावाचं आणखी एक विषारी झुडूप असतं. पानं खुडायला गेलेल्या माणसासमोर तिन्ही झुडपं हातभर अंतरावर उभी असतात आणि वरून तिन्ही सारखीच दिसतात. जाणकार मग पान उलटून पाहतो. लॅब्राडोर टीच्या पानाखाली तांबूस-तपकिरी लव असते. पानाखाली पांढरं दिसलं तर हात मागे घ्यायचा. पांढऱ्यातही फरक आहे: बॉग लॉरेलची पानं डहाळीवर समोरासमोर जोडीनं येतात, बॉग रोजमेरीची एकाआड एक. आणि लॅब्राडोर टीसुद्धा निखळ निरुपद्रवी नव्हे. तेही याच कुळातलं, त्यामुळे त्याचा काढा पातळ आणि बेताचाच घेतात.

2. पाणी भरपूर, जेवण नाही

दलदल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर खाडीकाठचा चिखल येतो. तो चिखल पौष्टिक असतो. नद्या गाळ आणून टाकतात, भरतीचं पाणी येतं-जातं, तिवरं माजतात. बॉग, म्हणजे बॉग रोजमेरी वाढते ती थंड देशांतली दलदल, ही वेगळीच चीज आहे. तिला नदी मिळत नाही, झरा मिळत नाही. तिथं पाणी येतं ते फक्त पावसाचं आणि बर्फाचं, आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच.

या जागेचा खरा मालक स्फॅग्नम नावाचं शेवाळ. त्याच्या पानांत जिवंत पेशींच्या मधोमध मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात आणि त्यांना भोकं असतात. या पोकळ पेशींमुळे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 20 पट पाणी धरून ठेवतं. मूठभर उचलून पिळलं की मनगटावरून ओघळ वाहतात. शिवाय हे शेवाळ पाण्यात असतील-नसतील ते कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार स्वतःकडे ओढतं आणि त्या बदल्यात पाण्यात आम्ल सोडतं. त्यामुळे बॉगचं पाणी चांगलंच आंबट असतं. त्याचा सामू चारच्या आसपास, कधी त्याहून कमी.

आता विचार करा. पाणी साचलेलं, त्यात प्राणवायू नाही, वर आम्ल आणि थंडी. कुजवणारे जीवाणू आणि बुरश्या इथं काम करणार कसे? शेवाळ वरून वाढत राहतं, खालून मरत राहतं, आणि मेलेलं पूर्ण कुजत नाही. तो थर दबत दबत तपकिरी, तंतुमय होतो. त्याला पीट म्हणतात. पीट वाळवलं की जळतं. आयर्लंडमध्ये शतकानुशतकं चुलीत तेच घालत आले.

पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर या वेगानं साचतं. हिशोब सोपा आहे: हजार वर्षांत एक मीटर. 1950च्या मे महिन्यात डेन्मार्कमध्ये सिल्केबोर्गजवळ सरपणासाठी पीट खोदताना काही लोकांना एका माणसाचं प्रेत सापडलं. चेहरा इतका ताजा, हनुवटीवरची दाढीची खुंटं इतकी स्पष्ट, की खून झाला असं समजून पोलिसांना बोलावलं. तो निघाला सुमारे 2,400 वर्षांपूर्वीचा. डोक्यावर कातडी टोपी, गळ्यात चामड्याचा फास, पोटात जव-जवसाची पेज. टोलुंड मॅन या नावानं आज तो जगप्रसिद्ध आहे. त्याच्यावर अडीच मीटरच्या आसपास पीट होतं. 2,400 वर्षं, वर्षाला एक मिलिमीटर, म्हणजे 2.4 मीटर. आकडा छान जुळतो, पण फार हुरळून जाऊ नये. त्या माणसाला पीट काढून झालेल्या जुन्या खड्ड्यात ठेवलेलं होतं असं मानतात, तेव्हा हे जुळणं थोडं योगायोगाचंच. मुद्दा एवढाच, की जिथं माणसाची कातडी दोन-अडीच हजार वर्षं टिकते, तिथं गळून पडलेल्या पानाचं खत होत नाही.

खत होत नाही म्हणजे पानातलं नत्र परत मिळत नाही. नत्राशिवाय प्रथिनं नाहीत आणि प्रथिनांशिवाय वाढ नाही. बॉगमधली झाडं गुडघाभर पाण्यात उभी राहून उपाशी असतात ती अशी.

3. उपाशीपणावरचे उपाय

या उपासमारीवर प्रत्येक झाडानं आपापला उपाय काढला आहे. बॉग रोजमेरीच्या पायाशीच दवबिंदू नावाचं रोप उगवतं. ते चिकट केसांवर किडे पकडतं आणि त्यांच्यातून नत्र मिळवतं. त्याची भावंडं आपल्याकडेही आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावरच्या चिमूटभर मातीत दवबिंदू आणि तशीच शिकारी सीतेची आसवं दिसतात. तिथं पीट नाही, थंडीही तेवढी नाही, पण कारण तेच: जमीन निकस आहे. कासला जाणाऱ्यांनी रंगीत ताटवे पाहून झाले की खाली वाकून हेही पाहावं.

बॉग रोजमेरी किडे खात नाही. ती भागीदारी करते. तिची टोकाची मुळं केसाहून बारीक असतात आणि त्यांच्या पेशींत एक बुरशी वेटोळी घालून राहते. ही बुरशी अर्धवट कुजलेल्या पीटमधून नत्र सोडवून आणते आणि झुडूप तिला साखर पुरवतं. या कुळातल्या झाडांना निकस, आंबट जमीन मानवते त्यात या बुरशीचा वाटा मोठा आहे.

दुसरा उपाय काटकसरीचा. दरवर्षी सगळी पानं गाळायची म्हणजे त्यांतलं थोडं तरी नत्र पीटमध्ये कायमचं गाडायचं. ते परवडणारं नाही. म्हणून एकदा केलेलं पान एकाहून जास्त वर्षं वापरायचं. बॉग रोजमेरी सदाहरित आहे ती याच हिशोबानं. बर्फाखालीही तिची पानं तशीच राहतात, आणि वसंतात सूर्य वर आला की नवी पालवी फुटण्याची वाट न पाहता जुन्या पानांचं काम सुरू होतं.

पण त्यात एक धोका असतो. ऊन पडलेलं असतं आणि मुळं अजून गोठलेल्या पाण्यात असतात. पानांतून पाणी उडत राहिलं आणि खालून आलं नाही, तर झुडूप पाण्यात उभं राहून वाळून जाईल. कडा वळलेल्या, खालची बाजू मेणचट, पान जाड ते यासाठी. पान ज्या रंध्रांतून श्वास घेतं ती खालच्या बाजूला, त्या वळलेल्या कडांच्या आडोशाला असतात.

आता अशा पानाची किंमत लक्षात घ्या. मुश्किलीनं मिळवलेल्या नत्रातून केलेलं, एकाहून जास्त वर्षं वापरायचं, आणि हिवाळ्यात आजूबाजूचं सगळं तपकिरी असताना एकटंच हिरवं दिसणारं. भुकेल्या जनावरासाठी याहून उघड आमंत्रण नाही. नुसत्या बोचणाऱ्या काट्यांनी इथं भागलं नसतं. पान गेलं की गेलंच, नवं करायला भांडवल नाही. म्हणून विष.

4. विष करतं काय?

बॉग रोजमेरीतल्या विषाला आज ग्रेयानोटॉक्सिन म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव अँड्रोमेडोटॉक्सिन असं सापडतं. हे एकच रसायन नसून एका घराण्यातली अनेक रसायनं आहेत आणि ती ऱ्होडोडेंड्रॉन, बॉग लॉरेल अशा नातेवाइकांतही असतात.

ते शरीरात काय करतं हे समजायला आधी मज्जातंतूतून निरोप कसा जातो ते पाहू. मज्जापेशीच्या बाहेर सोडियम जास्त असतं, आत कमी. पेशीच्या पडद्यात सोडियमसाठी खास दारं असतात आणि ती एरवी बंद असतात. निरोप आला की दार उघडतं, सोडियम आत घुसतं, विजेचा एक ठोका तयार होतो, आणि साधारण एका सहस्रांश सेकंदात दार आपोआप मिटतं. मिटणं उघडण्याइतकंच महत्त्वाचं, कारण मिटल्यावरच पुढच्या निरोपाची तयारी होते. ग्रेयानोटॉक्सिन उघड्या दाराला आतून चिकटतं आणि दार मिटू देत नाही. घराच्या दारावरच्या घंटेचं बटण कुणी दाबलं आणि ते आत अडकूनच बसलं, तर घंटा वाजत राहते, आणि खरंच कोणी आलं तरी कळायला मार्ग उरत नाही. तसंच इथं होतं.

याचा फटका ज्या मज्जातंतूला सगळ्यात लवकर जाणवतो तो व्हेगस. मेंदूतून निघून हृदय आणि पोटापर्यंत जाणारा हा तंतू हृदयाला सावकाश चालायला सांगतो. त्याचीच घंटा वाजत राहिली की हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब पडतो, तोंडाला पाणी सुटतं, घाम येतो, उलट्या होतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. माणसांत ही विषबाधा क्वचितच प्राणावर बेतते आणि बहुधा एका दिवसात ओसरते. पण तो दिवस रुग्णालयातच काढावा लागतो. डॉक्टर शिरेतून सलाईन देतात आणि ठोके फारच मंदावले तर ॲट्रोपीन, जे व्हेगसचा हृदयावरचा हुकूम अडवतं. ॲट्रोपीन मुळात धोत्र्याच्या कुळातल्या झाडांतलं. विषावर विषाचाच उतारा तो असा.

शेळ्या-मेंढ्यांचं मात्र वाईट होतं. ब्रिटनमध्ये बर्फ पडून गवत झाकलं गेलं की त्या कुंपणालगतच्या ऱ्होडोडेंड्रॉनसारख्या सदाहरित झुडपांना तोंड लावतात. रवंथ करणारं जनावर सहसा ओकत नाही. या विषानं ते ओकतं, आणि ओकारी श्वासनलिकेत गेली की फुप्फुसावर बेततं.

आपल्या ओळखीचा बचनाग घ्या. त्यातलं ॲकोनिटिन सोडियमच्या याच दाराला, त्याच जागी चिकटतं. दोन झाडं, दोन वेगळी कुळं, नातं काही नाही, आणि दोघांनी कुलूप एकच हेरलं. बचनाग कितीतरी जास्त घातक आहे आणि हृदयाची घडी तो वेगळ्या तऱ्हेनं विस्कटतो. पण एक फरक त्याहून बोलका आहे. ॲकोनिटिनच्या रेणूत नत्र आहे. ग्रेयानोटॉक्सिनमध्ये नाही. त्यात फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन.

कार्बन हवेतून मिळतो, हायड्रोजन पाण्यातून. बॉगमध्ये हवा, पाणी आणि उन्हाळ्यातले लांबच लांब दिवस यांना तोटा नाही. तुटवडा आहे तो नत्राचा. म्हणजे जे फुकट मिळतं त्यातून या झुडपानं पहारेकरी उभा केला आणि जे महाग आहे ते पानासाठी राखलं. निकस जमिनीतली झाडं बचावासाठी अशी बिननत्राची रसायनं वापरतात, हा तर्क 1980च्या दशकात अभ्यासकांनी मांडला. तो सगळ्यांना मान्य नाही, आणि अशी विषं बनवणारी सगळीच झाडं उपाशी असतात असंही नाही. बुरांश काही बॉगमध्ये उगवत नाही. तरी या एका झुडपापुरता मला तो पटतो.

5. गुंगी आणणारा मध

पानात विष असणं समजतं. पण या कुळातल्या काही झाडांच्या फुलांतल्या मकरंदातही ते उतरतं. परागण करणाऱ्या पाहुण्यालाच विष?

याचा खूप जुना दाखला इसवी सनापूर्वी 400च्या सुमाराचा. ग्रीक सेनानी झेनोफन आपलं सैन्य घेऊन काळ्या समुद्राकाठी, आजच्या तुर्कस्तानातल्या त्राब्झॉनजवळ पोहोचला. तिथल्या पोळ्यांतला मध सैनिकांनी खाल्ला. थोडा खाल्लेले झिंगल्यासारखे डोलू लागले, जास्त खाल्लेले आडवे झाले, उलट्या-जुलाबांनी हैराण. मेलं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले आणि तीन-चार दिवसांत उभे राहिले. त्या डोंगरांत आजही ऱ्होडोडेंड्रॉन माजतं आणि ‘वेडा मध’ म्हणून हा मध विकला जातो. नेपाळात गुरुंग लोक कड्यांवर दोरशिड्या सोडून महाकाय मधमाश्यांची पोळी काढतात, त्यांच्या वसंतातल्या मधातही हेच विष असतं. नवलाई म्हणून असा मध मागवणाऱ्यांनी आधीचा भाग पुन्हा वाचावा.

आयर्लंडमध्ये परदेशातून आलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की त्याच्या मकरंदातलं ग्रेयानोटॉक्सिन तिथल्या मधमाश्यांना मारक ठरतं, पण केसाळ, जाडजूड बम्बलबींना काही होत नाही. बॉग रोजमेरीच्या फुलावरही मुख्यतः बम्बलबी येतात. फूल पाच-आठ मिलिमीटरचं, सुरईसारखं, तोंड खाली आणि अरुंद; आतल्या परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्रं. उलटं लोंबकळून, फूल हलवून पराग झाडून घेणाऱ्या भुंग्याचंच ते काम. नको त्यांना दूर ठेवायचं आणि कामाच्या पाहुण्याला राखायचं, अशी ही सोय असावी. की पानांतलं विष उगाचच पाझरून फुलात येतं? दोन्ही बाजूंनी बोलणारे अभ्यासक आहेत.

6. साखळदंडातली राजकन्या

1732 च्या जून महिन्यात कार्ल लिनियस हा नुकती पंचविशी गाठलेला स्वीडिश तरुण लॅपलँडच्या दलदली तुडवत निघाला होता. उप्साला इथल्या विज्ञानसंस्थेनं त्याला प्रवासखर्च दिला होता. बूट पाण्यात, डास अंगावर, आणि समोर शेवाळाच्या उंचवट्यावर हे झुडूप फुललेलं. कळ्या लालभडक, उमललं की फूल फिकट गुलाबी. त्याला आठवली ग्रीक कथेतली अँड्रोमेडा, समुद्रातल्या खडकाला साखळदंडांनी जखडलेली आणि राक्षसापुढे टाकलेली राजकन्या. मराठी आकाशनिरीक्षक ज्या तारकासमूहाला देवयानी म्हणतात, तो तिचाच.

लिनियसनं आपल्या रोजनिशीत शेजारी-शेजारी दोन चित्रं काढली: एकीकडे खडकावरची मुलगी, दुसरीकडे उंचवट्यावरचं झुडूप. दलदलीतले बेडूक-भेक हे समुद्रराक्षस, आणि उन्हाळ्याचा सूर्य हा सुटका करणारा पर्सियस, कारण तो पाणी आटवतो. चित्रकार म्हणून लिनियस यथातथाच, पण कल्पना त्याला इतकी आवडली की 1737 मध्ये लॅपलँडच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात आणि पुढे 1753 च्या प्रसिद्ध ग्रंथात नाव कायम झालं.

फक्त एका बाबतीत कथा फिरवून वाचायला हवी. पाणी आटलं तर या राजकन्येची सुटका होत नाही, ती मरते.

7. चर खोदले की काय होतं

बॉगमध्ये चर खोदले की पाणी निघून जातं. पीटला हवा लागते, हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं आणि त्यातला कार्बन हवेत जातो. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भाग पीटचा आहे, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्याहून जास्त कार्बन साठला आहे. जमीन कोरडी झाली की आधी हेदरची झुडपं आणि उंच गवत शिरतं, मग बर्चची झाडं. त्यांच्या सावलीत शेवाळ मरतं आणि शेवाळाबरोबर बॉग रोजमेरी. ब्रिटनमधल्या कितीतरी ठिकाणांहून ती अशीच गेली, कुठे सरपणापायी, कुठे शेतीपायी, कुठे बागांच्या कुंड्यांत भरायच्या पीटपायी. आपल्या रोपवाटिकांत मिळणारं नारळाच्या भुश्शाचं कोकोपीट युरोपातही जातं, ते या पीटला पर्याय म्हणून.

आयर्लंडच्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीनं आपल्या जमिनींवरचं पीट काढणं 2021 च्या जानेवारीत अधिकृतपणे थांबवलं. वेल्समध्ये कोर्स कारोन आणि कोर्स फोख्नो या बॉगमध्ये जुने चर बुजवून, पीटचेच बुटके बांध घालून पावसाचं पाणी पुन्हा अडवतात. बांध घातला की पाण्याची पातळी लवकर चढते. शेवाळ परतायला वेळ लागतो, आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या झुडपाला त्याहून जास्त, कारण ते मुख्यतः शेवाळात गाडलेल्या आडव्या खोडांनीच पसरतं. बॉगची पाहणी करणारे तोवर दर उन्हाळ्यात शेवाळाच्या उंचवट्यांवर पांढुरक्या पाठीची पानं शोधत फिरतात.